बाटलीतला रैनो

फट्ट!

सौनाच्या दाराशी बर्फात उभं असलेलं अर्धं गाव एका दमात मागे सरलं, आणि लगेच दुप्पट पुढे आलं.

"बोलला! रैनो बोलला!"

रैनोच्या घरची, तळ्याकाठची लाकडी न्हाणी ती. शनिवारी भट्टी पेटवायची, दगड तापवायचे, त्यांवर पाणी ओतायचं आणि वाफेत बसून आठवड्याचा मळ काढायचा, एवढंच तिचं काम. पण हल्ली शनिवारी माणसं तिथे अंग धुवायला येत नव्हती, अक्कल धुऊन टाकायला येत होती.

आतल्या वाफेच्या खोलीला लागून कपडे बदलायची खोली. तिथे भट्टीच्या भिंतीला टेकून घरच्या बिअरची लाकडी खोकी रचलेली, वर जाड गोणपाट. खोक्यांसमोर स्टुलावर ब्रदर डेलमार, फिरता धर्मोपदेशक. मेंढीच्या कातड्याचा कोट, बोटात खड्याची अंगठी, डोळे मिटलेले, एक हात वर. पत्र्याचं चाकांवरचं घर गाडीला जोडून तो हिवाळाअखेरीस गावात आला होता. का आला ते कुणी विचारलं नव्हतं. घारीला उंदराच्या बिळाचा पत्ता कोण देतं?

"रैनो, माझ्या भावा! इथे आहेस का तू?"

चिडीचूप.

"लाजू नकोस, भावा. सगळी आपलीच माणसं आहेत."

चिडीचूप. भट्टीत एक लाकूड तडकलं तर दोन बायका दचकल्या.

"बायको समोर उभी आहे तुझी. तिच्याकडे बघ आणि सांग. आर्विडशी ती लग्न करणार, ह्याचा तुला राग आहे का?"

चिडीचूप.

"मनात ठेवू नकोस, रैनो. मनात ठेवलेलं माणसाला कुजवतं. राग आहे का?"

फट्ट! गोणपाटाखाली काचा खळाळल्या.

"आहे म्हणतो!" डेलमारने डोळे उघडले. "बहिणींनो आणि भावांनो, आहे म्हणतो!"

आवाज प्रश्नापाठोपाठ आला तर ते उत्तर. उशिरा आला तर रैनो विचार करत होता. प्रश्नाआधीच आला तर त्याला धीर निघत नव्हता. लागोपाठ दोन आले तर तो खवळला होता. असा हा बिनचूक शास्त्रार्थ. त्यात डेलमार हरेल अशी फटच नव्हती.

मग त्याने एक धड बाटली उचलली, बूच काढलं आणि डबीतली चिमूट आत सोडली. "जॉर्डन नदीच्या काठचं मीठ!" त्याबरोबर बाटलीतून फेसाचा असा फवारा उडाला की छताचं लाकूड भिजलं.

"हा त्याचा श्वास!" डेलमार म्हणाला.

लोकांनी टोप्या काढल्या. आणि रैनोची बायको लेम्पी भिंतीला धरून खाली बसली.

ते सगळे आवाज रस्त्यापलीकडे सायमा राउतिओच्या स्वयंपाकघरात ऐकू येत होते. सायमा वेलदोड्याच्या पावाची कणीक मळत होती. रैनो तिच्या पोटचा मुलगा. नाताळाच्या आधी छपरावरचा बर्फ ओढता ओढता छातीत कळ आली आणि तो शिडीवरून खाली आला तो गेलेलाच. आता त्याचा आत्मा समोर जत्रा भरवत होता आणि त्याची आई कणीक मळत होती. गावाला ह्याचं फार नवल. सायमाला गावाचं नवल कधीच वाटलं नव्हतं. गाव कसं आहे ते तिला लग्न होऊन आली त्याच आठवड्यात कळलं होतं.

दार ढकलून त्यूने आत आली. शेजारीण. बूट झटकायच्या आधीच तोंड सुरू.

"अगं सायमा, बसलीस काय अशी! तुझा रैनो बोलला! स्पष्ट बोलला!"

"काय म्हणाला?"

"फट्ट म्हणाला."

"शहाणाच की. आणि त्याचा अर्थ?"

"की त्याला राग आहे. लेम्पीनं त्या आर्विडशी लग्न करायचं नाही. आणि त्याच्या जिवाला शांती हवी असेल तर तळ्याकाठची जागा सौनासकट ब्रदर डेलमारला द्यायची. तिथे ते प्रार्थनेचं घर बांधणार."

"हे सगळं एका फट्टमध्ये?"

"एका नाही गं, पुष्कळ झाले आज!" त्यूनेने खुर्ची ओढली, कॉफी स्वतःच ओतून घेतली. "खरं सांग, तुला बरं वाटलं असेल. तुलाही तो स्वीड नकोच होता ना?"

सायमाचे हात कणकेत थांबले.

हे मात्र खरं होतं. आर्विड लिंडाल तिला नको होता. माणूस वाईट नव्हता, पण स्वीडिश होता, आणि राउतिओंच्या फिनिश घरात आजवर स्वीडिश माणूस फार तर चूल दुरुस्त करायला आला होता. लेम्पी वर्षभर थांबली असती तर काय बिघडलं असतं, असंही तिला वाटे. ती हे बोलली नव्हती. पण तिचं न बोललेलं गावाला ऐकू जात असे.

"त्यूने," ती म्हणाली, "मला नाही म्हणायचं असलं तर माझं तोंड शाबूत आहे. मेलेल्या पोराचं तोंड उसनं घ्यायची वेळ अजून आली नाही माझ्यावर."

"तुझा विश्वास नाही वाटतं?"

"रैनो जिवंत होता तेव्हा दिवसाला किती बोलायचा?"

त्यूनेने आठवून पाहिलं. "'कॉफी' म्हणायचा. आणि जाताना 'बरं' म्हणायचा."

"लेम्पीला मागणी घालायला गेला तेव्हा अख्खी संध्याकाळ तिच्या बापासमोर गप्प बसून परत आला. दुसऱ्या दिवशी मी जाऊन विचारलं. तो माणूस मेल्यावर दर शनिवारी साठ माणसांसमोर आपल्या संसाराची लक्तरं वाळत घालतो? तेही जन्मभर फिनिश बोलून आता इंग्रजी प्रश्नांना उत्तरं देऊन? अगं, त्याला भूत व्हायचंच असतं तर ते मुकं भूत झालं असतं."

त्यूने हसली, मग हसल्याचं पाप लागेल म्हणून तोंडावर हात ठेवला. पण उठताना म्हणाली, "ते काही असो. बाटल्या फुटतात हे तर खोटं नाही ना? डेलमारनं हातही लावलेला नसतो. मी डोळ्यांनी बघितलंय."

ती गेली. सायमाला चीड आली ती ह्याच वाक्याची. कारण ते खरं होतं. बाटल्या फुटत होत्या. भोंदू माणूस हवेतून काही काढत नाही. खरं काहीतरी पडलेलं असतं, त्यावर तो आपली चादर टाकतो. सायमा तिसरीपर्यंत शिकली होती. पण चादर उचलून बघायला तिसरी पुरते.

दुसऱ्या दिवशी चर्चहून परतताना लेम्पी आली. डोळे सुजलेले.

"आई, मी आर्विडला नकार कळवतेय. आणि जागेच्या कागदांवर येत्या शनिवारी सही करते. मला नाही सहन होत. मी रडले की फुटते, हसले की फुटते. त्याला सुटका नाही आणि ती माझ्यामुळे."

सायमाने तिला बसवलं. जवळ घेणं वगैरे तिच्या घराण्यात नव्हतं. तिने पावाचा जाड तुकडा कापून पुढे ठेवला.

"खा. आणि मी विचारते त्याचं नीट उत्तर दे. मी डेलमार नाही, मला फट्ट चालायचं नाही. ही बिअर कुणाची?"

"रैनोचीच. शेवटची. तो गेला त्याच आठवड्यात त्यानं लावली होती. चिनी मातीच्या मोठ्या बरणीत, तळघरात."

"आणि बाटल्या?"

"मी भरल्या. टाकून देववेना, आई."

"कधी?"

"तुमच्याकडून परत गेले तेव्हा."

सायमाच्या कपाळाला आठी पडली. मुलगा गेल्यावर तिने सुनेला महिनाभराहून जास्त आपल्याकडे ठेवून घेतलं होतं. "मधल्या दिवसांत तिकडची शेगडी?"

"नळ गोठू नयेत एवढीच लावली होती."

"म्हणजे तळघर मढ्यासारखं गार. बरं. भरताना बरणीत बुडबुडे येत होते?"

"एकसुद्धा नाही. रैनो म्हणायचा ना, बुडबुडे थांबले की बिअर झाली. म्हणून तर भरली. साखरही तुमच्याच चमच्यानं, बाटलीला एक, सपाट. जास्त नाही, आई, शपथ."

"बाटल्या जुन्याच? मोठ्या?"

"त्याच."

"सगळ्या उसळतात की काहीच?"

"सगळ्या."

"जा. एक घेऊन ये. टॉवेलात गुंडाळून आण, आणि चेहऱ्यापासून लांब धर."

बाटली आली. सायमाने ती आधी मागच्या ओट्यावर बर्फात खुपसली, आणि दोघींची कॉफी होईपर्यंत तिच्याकडे पाहिलंही नाही. मग तिने ती मोरीत धरली, वर फडकं टाकलं आणि बूच हळूच उचललं. फेस आला, पण शनिवारच्या छताला लागलेला तो फवारा नव्हे. लेम्पी बघतच राहिली.

"आज मवाळ आहे," ती पुटपुटली.

"आज गार आहे." सायमाने उरलेली बिअर पेल्यात ओतली. वास घेतला. घोट घेतला, तोंडात फिरवला.

आंबट लागली असती, नासक्या फडक्यासारखी, तर बिअर भरायच्या नळीची घाण बाटल्यांत गेली असं तिने म्हटलं असतं. थोड्याच बाटल्या उसळल्या असत्या तर थोड्याच बाटल्या नीट धुतल्या नव्हत्या असं म्हटलं असतं. पण ही आंबट नव्हती. ही गोड होती. लहान पोराला द्यावी इतकी गोड. आणि त्या गोडाच्या मागे बिअर लावताना घालतात त्या जुनिपर झुडपाच्या फांदीचा कडसर वास होता. रैनो नेहमी मूठभर जास्त टाकायचा. सायमा त्यावरून त्याला नेहमी बोलायची.

तिने पेला खाली ठेवला नाही. सगळा प्यायली. मग खिडकीकडे तोंड करून काही वेळ उभी राहिली. लेम्पीने तेवढ्यात पाव संपवला; ह्या घरात शोक असाच करायचा असतो हे तिला माहीत होतं.

"पोरी," सायमा वळून म्हणाली, "गोड आहे म्हणजे साखर उरलीय. साखर उरली म्हणजे आंबवणाऱ्या यीस्टनं ती खाल्ली नाही. आणि का नाही खाल्ली? मेलं म्हणून नव्हे, थंडीनं झोपलं म्हणून. तू बघितलंस, बुडबुडे नाहीत. तुला वाटलं काम झालं. काम अर्ध्यावर होतं. झोपलेल्याला तू बाटलीत कोंडलंस, वर आणखी साखर दिलीस, बूच ठोकलंस, आणि नेऊन ठेवलंस कुठे?"

"सौनात," लेम्पी म्हणाली. "न्हाऊन आलं की हाताशी असावी म्हणून. तो ठेवायचा तिथेच."

"तो तयार झालेली ठेवायचा. शनिवारी भट्टी पेटते. भिंत तापते. झोपलेलं उठतं, खायला बसतं आणि ढेकरा देतं. त्या वायूला जायला वाट नाही. मग?"

लेम्पीने हळूच विचारलं, "म्हणजे तो बोलला नाही?"

"मेलेला जागा झालेला नाही, पोरी. झोपलेलं जागं झालंय. ह्यात फरक आहे."

"पण राग आहे का विचारलं की लगेच..."

"लगेच? कितीदा विचारल्यावर लगेच?"

लेम्पीने मान हलवली. डोळ्यांत पुन्हा पाणी. सायमाच्या लक्षात आलं की नुसतं सांगून हे निघायचं नाही. भीती साठ माणसांसमोर घातली गेली होती, ती साठ माणसांसमोरच काढायला हवी. आणि शनिवारी सही.

संध्याकाळी आर्विड आला. मागच्या दारानं, टोपी हातात.

"सायमाबाई, मला एवढंच सांगायचं होतं की मी गाव सोडून जातोय. त्याला राग असेल तर..."

"कुणाला?"

"रैनोला."

"तूसुद्धा?" सायमा म्हणाली. "देवा, नवरा म्हणून हिला माणूस मिळतोय की मेंढरू! रैनो आणि तू तळ्याच्या बर्फातल्या एकाच भोकाशी बसून मासे धरायचात ना? त्यानं तुला कधी रागावून सांगितलं काही?"

"एकदा. माझा गळ त्याच्या गळात अडकला तेव्हा."

"काय म्हणाला?"

"'हं' म्हणाला."

"झालं तर मग. बस खाली. तुझा वेल्डिंगचा मुखवटा आहे ना? आणि ते कातडी हातमोजे? शुक्रवारी ते घालून ये. तुला मेलेल्याच्या बाटल्या हलवायच्या आहेत."

शनिवारी तिसऱ्या प्रहरापासून गाड्या लागल्या. आज सही होणार हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून शेजारच्या दोन गावांतलेही आले होते. त्यूनेने तर पुढची जागा धरण्यासाठी घरून खुर्ची आणली होती. भट्टी ढणढणत होती. गोणपाट जागेवर होतं, त्याखाली खोकीही.

सायमा आली तेव्हा लोकांनी वाट दिली. काळा कोट, काळी टोपी, काखेत पिशवी. मागून मुखवटा चढवलेला आर्विड आणि लेम्पी, दोघांच्या मध्ये तांब्याचं कपडे उकळायचं मोठं झाकणाचं भांडं. त्यांनी ते भट्टीच्या भिंतीशी ठेवलं, वर ओलं पोतं टाकलं.

"मातोश्री!" डेलमारने हात पसरले. "आईच्या पावलांनी आज रैनो धन्य झाला!"

"मातोश्री कुणाची रे? मी तुझी आई असते तर तुला हा कोट घालू दिला नसता. चालू दे तुझं."

लोक खदखदून हसले. डेलमारनेही हसून घेतलं. मग डोळे मिटले, हात वर.

"रैनो, भावा, तुझी आई आलीय. आहेस का?"

चिडीचूप.

"आहेस का, रैनो?"

त्याने खूप विचारलं. गोडीत विचारलं, दरडावून विचारलं, बायबलातली वचनं मध्ये घालून विचारलं. भट्टी तापली, लोकांनी कोटाची बटणं काढली, त्यूनेला घाम फुटला. गोणपाटाखाली हूं की चूं नाही. शेवटी डेलमारने डोळे उघडले तेव्हा त्याचा आवाज जड होता.

"बहिणींनो आणि भावांनो, इथे संशय आहे. शंकेखोर मनापुढे आत्मा बोलत नाही."

"आई शंकेखोर म्हणून मुलगा बोलेना?" सायमा म्हणाली. "मी तर तो जन्मला तेव्हाही शंकेखोर होते, तरी भोकाड पसरलंच त्यानं. आर्विड, गोणपाट उचल."

आर्विडने गोणपाट ओढलं. खोक्यांत बाटल्या होत्या, पण रिकाम्या, बुचं नसलेल्या. कुणी तरी "अरे!" म्हटलं.

"भरलेल्या बाटल्या कालपासून मागच्या बर्फाच्या ढिगात आहेत," सायमा म्हणाली. "मार्चातला ओला बर्फ. गोठवत नाही, नुसता गार ठेवतो. एकही फुटलेली नाही, जाऊन बघा."

"अर्थातच!" डेलमार उसळला. "आत्म्याला तुम्ही थंडीत टाकलंत! ऊब नसेल तिथे..."

तो थांबला. कारण लोक त्याच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघू लागले होते.

"थंडीत?" मागून एक म्हातारा कोळी म्हणाला. "रैनोला थंडी?"

"बोला ना," सायमा म्हणाली. "तुम्ही सगळे ओळखत होता त्याला. ज्यानं दर हिवाळा तळ्याच्या मधोमध बर्फात भोक पाडून, उपड्या बादलीवर बसून काढला, हातमोजे न घालता, तो मेल्यावर थंडीला भ्यायला लागला? शेगडीशिवाय बोलत नाही म्हणे! हे माझ्या पोराचं भूत नाही. हे कुठल्या तरी दक्षिणेकडच्या माणसाचं असेल."

आता हसू लपलं नाही. डेलमारने कोटाच्या खिशात डबी चाचपली. पण सायमा तांब्याच्या भांड्यासमोर स्टूल ओढून बसली, त्याच्यासारखा हात वर केला, डोळे मिटले.

"ह्या भांड्यात त्याच बिअरच्या, ढिगातून काढलेल्या चार बाटल्या आहेत. सकाळपासून माझ्या चुलीजवळ होत्या. लांब राहा सगळे. रैनो, माझ्या भावा! डेलमार गाढव आहे का?"

चिडीचूप.

"लाजू नकोस. सगळी आपलीच माणसं आहेत. त्यूनेची कोंबडी तू चोरलीस का?"

"अगं बाई!" त्यूने म्हणाली.

"मनात ठेवू नकोस, कुजशील. तू खुद्द पोप आहेस का?"

चिडीचूप. मुलं खिदळायला लागली.

"बरं, खरं सांग. आईसमोर सांग. रैनो, तू स्वीडिश होतास का?"

फट्ट!

भांड्याचं झाकण खणाणलं. त्या सौनात जे हसू फुटलं ते बाहेरच्या गाड्यांपर्यंत गेलं. आर्विडचे मुखवट्यामागचे कान लालेलाल झाले. लेम्पीसुद्धा हसली. हसल्यावर तिने दचकून भांड्याकडे पाहिलं. भांड्यातून काहीच आलं नाही. मग ती आणखी हसली, रडत रडत.

"बघा," सायमा म्हणाली, "स्वीडिश! स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. आता मानायचं का तुम्ही? मी विचारत राहिले, विचारत राहिले, आणि बाटली फुटली तेव्हा जो प्रश्न तोंडात होता त्याचं ते उत्तर झालं. हीच ह्याची विद्या. दुसरी नाही."

मग तिने बुडबुड्यांची, गार तळघराची आणि झोपलेल्या यीस्टची हकिगत सांगितली. ह्या गावात घरोघर बिअर होत आली होती. सरकारनं परवानगी आता कुठे दिली, पण सरकारला विचारलं होतं कुणी? म्हणून पुरुषमंडळींना ती ऐकता ऐकताच पटली, आणि पटली म्हणून ते बुटांकडे बघू लागले. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या तळघरात कधी ना कधी बाटली फुटली होती. तेव्हा त्यांनी शिवी दिली होती, टोपी काढली नव्हती.

"आणि तो श्वास?" त्यूनेने विचारलं. "मिठानं उडतो तो? ते तर जॉर्डनचं आहे."

सायमाने पिशवीतून दुकानातली जिंजर एलची, म्हणजे आल्याच्या सोड्याची बाटली काढली. बूच उडवलं. कोटाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. "हे माझ्या मासे खारवायच्या डब्यातलं आहे." चिमूट आत टाकली. फेस भसकन वर आला, त्यूनेच्या बुटांवर सांडला.

"वायू कोंडलेल्या पाण्यात मीठ पडलं की तो वर धावतो. कुठलंही पाणी, कुठलंही मीठ. की आता दुकानाच्या फळीवर बसलेला प्रत्येक जिंजर एल कुणाचा तरी नवरा आहे?"

"श्रद्धा नसलेल्यांशी मी वाद घालत नाही," डेलमार म्हणाला आणि उठला.

"वाद कुठे घालतोस, तू घर घालायला आला होतास. तळ्याकाठी." सायमाने वाट मोकळी केली. "जाताना एक बाटली घेऊन जा. गाडीत शेगडीजवळ ठेव. वाटेत सोबत होईल."

त्याने बाटली नेली नाही. चाकांवरचं घर रस्त्याला लागलं. मग तो म्हातारा कोळी म्हणाला, "आम्हाला आधीच शंका होती."

"होती?" सायमा उसळली. "शंका होती तर टोपी का काढली होतीस? शंका खिशात घालून ठेवायची वस्तू आहे का? एका बाईला तुम्ही सगळ्यांनी मिळून दर शनिवारी उभं केलंत, तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या नावानं तिला कापलंत, आणि एकालाही वाटलं नाही की खाली वाकून गोणपाट उचलून बघावं? काही आवाज झाला, काही उडालं, काही हललं, तर आधी वाकून बघा. कशानं झालं ते विचारा. गार केल्यावर होतं का, गरम केल्यावर होतं का, दुसऱ्या बाटलीत होतं का, एवढं तरी करा. डोळे देवानं दिलेत; ते मिटून कुणी 'बघा, बघा' म्हणाला तर त्याच्याकडे बघायचं नसतं, त्याच्या हाताकडे बघायचं असतं. आता घरी जा. माझ्या सुनेला सौना तापवून न्हायचंय. तेवढ्यासाठीच बांधलाय तो."

लोक गेले. त्यूने खुर्ची विसरून गेली.

आर्विड मुखवटा घालून मागे बर्फात बसला आणि एकेका गार बाटलीचं बूच जरासं उचलून वायू सोडू लागला. मग पुन्हा नवं बूच दाबायचं, पुन्हा बर्फात. चार दिवसांनी पुन्हा तेच. सायमाने सांगितलं होतं, ह्या थंडच ठेवायच्या आणि बर्फ वितळायच्या आत संपवायच्या. पुढच्या वेळी बुडबुड्यांवर जायचं नाही. बरणी उबेत आणायची, ढवळायची, दोनदा चाखायची, गोडी जाईपर्यंत बूच हातात धरायचं नाही.

लेम्पी दारात उभी होती.

"आई, तो काहीच बोलला नाही म्हणजे... त्यानं होकारही दिला नाही."

"नाही. मेलेले हो म्हणत नाहीत आणि नाही म्हणत नाहीत. तेवढ्यासाठी जिवंत माणसं असतात."

"मग तुम्ही काय म्हणता?"

सायमाने आर्विडकडे पाहिलं. मुखवटा, हातमोजे, गुडघ्यापर्यंत बर्फ. बाटली तान्ह्या पोरासारखी धरलेली.

"मी म्हणते तो स्वीडिश आहे," ती म्हणाली. "हे मी तुझ्या तोंडावर सांगते, बाटलीतून नाही. कर लग्न. घाबरून नाही म्हणालीस तर मात्र मी तुझ्याशी बोलायची नाही."

ईस्टरनंतर चर्चच्या तळघरात लग्नाचं जेवण झालं. खारवलेला मासा, वेलदोड्याचा पाव, आणि रैनोच्या उरलेल्या बाटल्या. पहिली सायमाने उघडली. माणसं नकळत जरा मागे सरली.

बाटली 'फुस्' म्हणाली.

तिला कुणी काही विचारलं नाही.